मागची फेरी

आमच्या सरांना चक्रम म्हणणाऱ्या लोकांचा मला अजून राग येतो. नारायणगावात एखादा जुना माणूस भेटतो, मी पूर्वी कोणाकडे कामाला होते हे त्याला कळतं, आणि तो कानाजवळ बोट गोल फिरवून म्हणतो, "ते व्हय? ते चाललेलं काढून टाकनारं?" मी हो म्हणते आणि विषय बदलते. नाही बदलला तर भांडण होईल, आणि भर बाजारात भांडायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

काढून टाकायचे हे मात्र खरं. महिना संपला की लोक कॅलेंडरचं पान उलटतात, सर ते फाडून टाकायचे. लग्नपत्रिका लग्नाला जाऊन आले की त्याच हातानं कचऱ्यात. त्यांच्या मोटरसायकलला साडीगार्ड नव्हतं. "माझं लग्न झालेलं नाही, मग साडी कोणाची अडकणार आहे?" असं म्हणून त्यांनी ते गॅरेजवाल्याला देऊन टाकलं होतं. चहातली साखर त्यांनी मी यायच्या आधीच बंद केली होती, माझ्यादेखत दूधही गेलं. समोरच्या हॉटेलातला माणूस आमच्या ऑफिसच्या खोलीकडे बघून ओरडायचा, "एक चहा आन् सरांचं गरम पाणी." एकदा भिंतीवर एक बटण सापडलं, ते दाबून काहीच लागत नव्हतं. सरांनी स्क्रू काढून ते उपटलं. पुढे दोन वर्षं त्या भोकातून पाल आमच्याकडे बघत असायची. आणि त्यांच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, वडिलांचं होतं, आडनाव नव्हतं. तेही काढलेलं.

आमची कंपनी म्हणजे हायवेला लागून, खतं-औषधांच्या दुकानावरची एक खोली. खालून कीटकनाशकाचा वास वर यायचा, टोमॅटोच्या दिवसांत जिन्याच्या तोंडाशीच क्रेटची थप्पी लागायची आणि ती ओलांडून मी कामावर जायची. मी मंचरहून जीपनं यायची. कम्प्युटरचा डिप्लोमा नुकता झालेला होता आणि मला सगळं येतं असं माझं पक्कं मत होतं. आम्ही एकच वस्तू विकायचो. गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी प्रोग्राम. शेतकऱ्यानं किटली ओतली की वजन, फॅट आणि सभासद नंबर त्यात घालायचा, की पावती बाहेर. जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत आमची गिऱ्हाइकं होती.

हा प्रोग्राम सरांनी मुळात लिहिलेला नव्हता. पुण्याला निघून गेलेल्या एका माणसाकडून त्यांनी तो गिऱ्हाइकांसकट घेतला होता, आणि त्यानं तो आणखी कोणाकडून तरी घेतला होता. ज्याच्या हातात आला त्यानं त्यात भर घातली, आणि काढलं कुणीच काही नाही. काढलं तर जुनं कुठेतरी बंद पडेल, ही भीती. त्यामुळे जी कंपनी बुडून गेली तिच्या वजनकाट्याची सोय आत तशीच होती. ज्या फ्लॉप्या आता कोणाकडे नव्हत्या त्या वाचायची सोय होती. बंद पडलेल्या डेअऱ्यांचे खास नियम होते. आम्ही कुठेही हात लावला की भलतीकडेच काहीतरी ढासळायचं, आणि मग येडगावपासून घोडेगावपर्यंत फोन वाजायला लागायचे.

तो काळही असा की दोन हजार साल येणार म्हणून सगळं जग घाबरून प्रोग्रामात काहीबाही जोडत होतं. आमचे सर काढत होते. सगळा प्रोग्राम त्यांनी भोकाभोकांच्या लांबलचक कागदावर छापून घेतला, गच्चीवर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवले आणि लाल पेन्सिल घेऊन उकिडवे बसले. एकेका तुकड्यावर पेन्सिल टेकवायची आणि विचारायचं, "हे कोणासाठी आहे? नाव सांगा."

हा त्यांचा नियम होता. एखादा तुकडा ज्याच्या उपयोगी आहे अशा एका जित्याजागत्या माणसाचं नाव सांगा, तुकडा राहील. 'लोकांसाठी', 'पुढेमागे लागेल', 'असू द्या की' ही उत्तरं चालायची नाहीत. मी महिनाभर खपून प्रोग्राम सुरू होताना दिसेल अशी एक गाय काढली होती, नुसती अक्षरं आणि टिंबं जुळवून, शेपटी हलणारी. सरांनी विचारलं, "कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांगा."

मला नाव सांगता आलं नाही आणि गाय गेली. त्या दिवशी एसटी स्टँडवर उभी राहून मी रागानं रडले. हा माणूस काय स्वतःला समजतो, असं घरी आईला तीनदा सांगितलं. आईनं विचारलं, "पगार देतो ना वेळेवर?" तो देत होता.

पण नाव सांगितलं की ते कसे वागायचे हेही सांगायला हवं, कारण चक्रम म्हणणारे तेवढंच गाळतात. मंचरकडच्या एका डेअरीत एक म्हातारे सचिव होते. त्यांना बारीक अक्षर दिसायचं नाही. त्यांच्यासाठी पावती मोठ्या अक्षरात छापायचा एक जुना, अत्यंत कटकटीचा तुकडा प्रोग्रामात होता. दुसरं कोणी तो वापरत नव्हतं. मी म्हणाले, काढू या. सरांनी पेन्सिलीनं त्या तुकड्याच्या डोक्यावर त्या म्हाताऱ्यांचं नाव लिहिलं आणि त्या एका माणसासाठी तो दोन वर्षं सांभाळला. म्हातारे वारले. सर दहाव्याला नदीवर जाऊन आले, हातपाय धुतले, कम्प्युटरसमोर बसले आणि तुकडा काढला. काढताना चेहरा असा, की मी रेडिओ बंद केला.

त्याच छपाईत एका डेअरीसाठी लिहिलेली एक अट सापडली. येडगाव धरणाच्या पाण्याकडेच्या गावांपैकी एका गावची ती डेअरी. गावाचं नाव मी लिहीत नाही, लिहिलं तर बाकीची गावं सुटल्यासारखी होतील. अट अशी होती: सभासद नंबर नऊशेच्या पुढचा असेल तर पहिली फेरी बंद झाल्याशिवाय त्याचं दूध घेऊ नये. शेजारी कोणा जुन्या माणसानं शेरा मारून ठेवला होता, 'जुन्या वहीप्रमाणे'.

"कोणासाठी?" सरांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. सरांनी तिथल्या सचिवांना फोन लावला. सचिव म्हणाले, "पयल्यापासून हाय ते. ऱ्हाऊ द्या. आमची काय तक्रार न्हाई." सरांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी जाऊन बघू."

ते मोटरसायकलवर गेले. साडीगार्ड नसलेल्या गाडीवर ओढणी सांभाळत बसायला मी तयार नव्हते, म्हणून मी जीपनं गेले. उन्हाळ्याचे दिवस होते. डेअरीसमोर रांग लागलेली, किटल्या ओतल्या जात होत्या, सचिव एका बोटानं नंबर दाबत होते, पावत्या निघत होत्या. आणि गोदामाच्या भिंतीकडे वेगळी पाच-सहा माणसं बसली होती. त्यांच्या किटल्यांना ओली पोती गुंडाळलेली होती. रांगेतली माणसं येत होती, दूध घालून जात होती. ही बसूनच होती.

सर त्यांच्याकडे गेले. पुढे बसलेल्या बाईंना नाव विचारलं. हौसाबाई, त्या म्हणाल्या. वस्तीवरच्या. ती बौद्ध वस्ती होती, ओढ्याच्या पलीकडे.

"तुम्ही का थांबलात?"

"आमचा नंबर मागच्या फेरीत असतो."

"पण तुम्ही आधी आलेल्या दिसताय."

"आलो की. उजाडायच्या आत आलो."

"मग तुम्हाला थांबवतं कोण? नाव सांगा."

हौसाबाई हसल्या. "नाव कुनाचं सांगू दादा? मानूस कुनी काय म्हनत न्हाई. कम्प्युटरच घेत न्हाई."

"आन् तवर दूध ऱ्हातंय व्हय चांगलं?" शेजारचा एक जण म्हणाला. "काल हौसामावशीचं फुटलं. मंग म्हनत्यात, खराब दूध आनलं."

सर वळले आणि सचिवांजवळ गेले. म्हणाले, हौसाबाईंचा नंबर आत्ता घालून बघा. सचिवांनी मोठ्या उत्साहानं घातला. कम्प्युटर टूं करून वाजला आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द आले, मागची फेरी. "बगा," सचिव म्हणाले, "घेतच न्हाई. आमी मुद्दाम काय करत न्हाई." मग त्यांनी समजावून सांगितलं. आधी वही होती तेव्हा वस्तीची नावं मागच्या पानांवर असायची. त्यांचं दूध सगळ्यांचं झाल्यावर, वेगळ्या क्यानात. मग कम्प्युटर आला, तो वहीशी जुळवून बसवला, मागच्या पानांना नऊशेचे नंबर पडले. "आता ते येगळं क्यान बी ऱ्हायलं न्हाई. समदं एकाच कूलरात जातं. आमी मानत न्हाई आसलं काय. पन मशीनच मागून घेतंय, त्याला आमी काय करनार?"

इतकी वर्षं एका गावानं माणसांना भिंतीकडे बसवून ठेवलं आणि त्यात कोणाचाही दोष नव्हता. वही गेली, क्यान गेलं, लाजही वाटेनाशी झाली, कारण आता करणारा कम्प्युटर होता. सगळं गाव निर्दोष सुटलं होतं. सचिव खरोखरच भला माणूस होता, हे तर मला आणखी सहन होत नाही.

सर थोडा वेळ डेअरीच्या पायरीवर बसले. मग उठून परत हौसाबाईंकडे गेले. म्हणाले, "तो प्रोग्राम माझा आहे. म्हणजे तुम्हाला थांबवणारा मी." आणि त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. पूर्ण. वडिलांचं, आणि आडनावसुद्धा. दोन वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. इथे मी ते लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा लगेच आडनावावरून ठरवणार, अच्छा, म्हणून का.

हौसाबाईंनी मान हलवली. "बरं झालं सांगितलं," एवढंच म्हणाल्या.

नारायणगावला आल्यावर मला वाटलं, एवढी एक अट काढायची, पाच मिनिटांचं काम. सर म्हणाले, "अट काढून भागत नाही. नंबर तसेच राहिले तर उद्या कोणीतरी नवी अट लिहील." त्यांनी डेअरीच्या नोंदणीवहीतून सगळ्या सभासदांच्या तारखा घेतल्या आणि ज्या क्रमानं ते सभासद झाले होते त्या क्रमानं नंबर लावले. त्यातून जे निघालं ते आम्ही कोणी ठरवलेलं नव्हतं. डेअरी सुरू करताना नोंदणीला माणसं कमी पडत होती, तेव्हा गावातली मंडळी ओढा ओलांडून वस्तीवर गेली होती आणि अंगठे घेऊन आली होती. हौसाबाईंचे मालक अगदी सुरुवातीच्या सभासदांतले होते आणि त्यांच्यामागे सभासदत्व बाईंकडे आलं होतं. हौसाबाईंचा नंबर चार आला. चेअरमन अकरा.

तो पावसाळा हौसाबाई पहिल्या फेरीत दूध घालत होत्या. आल्या की नंबर लागे, कम्प्युटर मुकाट्यानं घेई, पावती निघे. आभाळ कोसळलं नाही. कूलरातलं दूध नासलं नाही. मग संचालकांची बैठक लागली आणि आम्हाला बोलावणं आलं.

चेअरमन खुर्चीत मागे रेलून बसले होते. "सर, तुमी चांगला चाललेला प्रोग्राम मोडला," ते म्हणाले. "जुन्याशी काय जुळंना आता."

"जुन्यातल्या कोणाची अडचण होतेय? नाव सांगा, आत्ता बसून करून देतो."

"नावाचा प्रश्न न्हाई. शिस्तीचा हाय."

"कोणाच्या शिस्तीचा?"

एक संचालक समजुतीनं म्हणाला, "हे बगा पावणं, जातपात हितं कुनी मानत न्हाई. पन पयल्यापासून एक सिस्टीम हाय. ती कशाला हलवायची?"

"कोणी मानत नाही ना? मग ती अट कोणासाठी होती? एक नाव सांगा, मी परत घालतो. त्या नावासकट घालतो. पडद्यावर दिसेल, अमुक यांच्यासाठी हौसाबाईंनी थांबावं."

मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. कोणी जमिनीकडे बघत होता, कोणी खिडकीबाहेर. शेवटी चेअरमननी टेबलावर हात आपटला. "संस्था उभी कुनी केली? आन् ती चार, मी अकरा?"

"तारखा तुमच्याच आहेत."

"तुमचं आडनाव काय वो?"

"हौसाबाईंना सांगितलंय," सर म्हणाले. "त्यांना विचारा."

डेअरीचं काम आमच्याकडून गेलं. ते जाणारच होतं. पण महिन्याभरात शेजारच्या गावांचीही कामं जायला लागली. कारण कोणीच सांगेना. कोणी म्हणे पुण्याची मोठी कंपनी येतेय, कोणी म्हणे रंगीत पडद्याचा प्रोग्राम पाहिजे. खालचा खतवाला मात्र मला म्हणाला, "तुमचा सर त्यांच्यातलाच निगला म्हनं." मी त्याला विचारलं, "आणि नसला तर?" तो म्हणाला, "मंग कशाला पडल त्यात?" हे ऐकून मला जी तिडीक आली ती अजून गेलेली नाही. ज्याचं दूध फुटलं त्यानंच फक्त चिडायचं, बाकीच्यांनी चिडायला कारण दाखवायचं, असा हा न्याय. मला आडनाव माहीत होतं. मी ते खतवाल्याला सांगितलं नाही, आणि सर त्यांच्यातले असते किंवा नसते, तरी ते आडनाव उत्तर म्हणून वापरू दिलं नसतं.

वर्षभरात खोली बंद झाली. सरांनी माझा शेवटचा पगार दिला, खालच्या दुकानाच्या बाजूला लावलेली पाटी उतरवली, मग खिळे उपटले, मग पुट्टी आणून भोकं बुजवली. मी म्हणाले, "खिळे असू देत की, पुढच्या भाडेकरूला उपयोगी पडतील." त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "बरं, नाव माहीत नाही." तेव्हा ते हसले. त्यानंतर ते मला भेटले नाहीत. कोणी सांगतं नगरकडे गेले, कोणी सांगतं गुजरातेत.

दोन-तीन वर्षांनी मी नारायणगावाहून मंचरला जीपनं चालले होते, आणि शेजारी ते भले सचिव येऊन बसले. मला ओळखल्याबरोबर त्यांनी तक्रार सुरू केली. "तुमच्या सरांनी लई घान करून ठिवली राव."

मी म्हणाले, "आता तर प्रोग्राम दुसऱ्यांचा आहे ना?"

"दुसऱ्यांचाच हाय. त्यांना आमी सांगितलं, जुन्या नंबरापरमानं बसवा. त्यांनी बसवलं, नऊशेचे नंबर, मागची फेरी, समदं जुळवलं. बैठकीत पेढे वाटले." कंपनीनं एका शब्दानं विचारलं नव्हतं, कशासाठी म्हणून. पैसे भरले, जुळवून दिलं. मी बाहेर कांद्याच्या ट्रकांकडे बघत राहिले.

"मग त्रास कसला?"

"पयल्याच दिशी ती हौसाबाई आली. रांगंत पुढं. मी म्हनलं, मावशी, मागच्या फेरीला या, कम्प्युटर घेत न्हाई. तर हलंना. म्हनली, पावसाळाभर घेत व्हता की. घेता येतंय त्याला. मंग आता कम्प्युटरचं नाव नगं सांगू. कोन घेत न्हाई ते सांग."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हननार? चेअरमन शेजारीच हुबं. रांग सगळी थांबलेली. तर त्यांच्याकडं बगून म्हनली, त्या मानसानं मला आपलं नाव सांगितलं व्हतं. पुरं. आता तुमी तुमचं सांगा, मंग मी जाते भिंतीकडं."

जीप कळंबजवळ थांबली, दोन माणसं उतरली, आम्ही सरकून बसलो. मी विचारलं, "सांगितलं नाव?"

"कोन सांगनार?" ते म्हणाले. "चेअरमन आत फोन वाजल्यासारखं करून निगून गेले. मी किटली घेतली. तवापासून रोज तिची पयली घेतो, तिच्यामागनं वस्तीवरच्या बाकीच्यांची. कम्प्युटर अजून न्हाईच म्हनतो, मंग वजन कागदावर लिवून ठिवायचं आन् फेरी बंद झाली की आत घालायचं. डबल काम झालंय बगा, सरांमुळं."

मंचर आलं. ते उतरताना म्हणाले, "सर भेटले तर सांगा त्यांना." काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सर कुठे असतात ते मला माहीत नव्हतं.